बाराशे डॉलर आणि एकशे पंचेचाळीस कोटी

युगांडाच्या राजधानीत, कंपालात, काढलेल्या तीन वर्षांत मी केलेली सगळ्यांत महागडी चूक बाराशे डॉलरची होती. २०१० ची गोष्ट. सीए होऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती आणि मी तिथल्या एका लहानशा ऑडिट फर्ममध्ये नोकरी करत होते. आमचा एक क्लायंट अल्बर्ट सरोवराच्या बाजूला, होइमाकडे, तेलवाल्यांच्या कॅम्पना भाजी, अंडी, पाणी आणि डिझेल पुरवायचा. शीतगृह बसवायला त्याने बाहेरच्या देशातून एक इंजिनियर बोलावला. बिल झालं आठ हजार डॉलर. परदेशी माणसाला अशा कामाचे पैसे देताना पंधरा टक्के कापून सरकारात भरायचे असतात, हे मला पाठ होतं. तरी त्या आठवड्याच्या घाईत मी व्हाउचरवर सही केली आणि पूर्ण आठ हजार गेले.

दोन महिन्यांनी फाईल चाळताना ते लक्षात आलं. इंजिनियरला ईमेल केली. त्याचं उत्तर अगदी सभ्य होतं: तो आता तिसऱ्याच देशात होता, आणि युगांडाचा कर हा त्याचा विषय नव्हता. कायदा मात्र स्पष्ट होता. देणाऱ्याने कापला नाही, तर देणाऱ्यानेच भरायचा. क्लायंटने बाराशे भरले आणि आमच्या ऑफिसात येऊन जे काही बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आमचे बॉस गुजराती, जन्म कंपालातला. सगळे त्यांना काका म्हणायचे. १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना हाकललं तेव्हा एक पेटी घेऊन गेलेले, नव्वदच्या दशकात परत आलेले. ते माझ्यावर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "बेटा, जाणारा माणूस कर देत नसतो. तो राहणाऱ्याच्या खिशातून जातो." मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

त्याच जुलैत हेरिटेजची बातमी आली.

हेरिटेज ऑइल ही लंडनच्या बाजारात नोंदलेली, तशी मध्यम आकाराची कंपनी. सरोवराच्या काठच्या ब्लॉक १ आणि ब्लॉक ३ए या तेल शोधायच्या क्षेत्रांत तिचा अर्धा हिस्सा होता, उरलेला अर्धा टुलो या दुसऱ्या तेलकंपनीचा. २००६ पासून तिथे एकामागून एक विहिरींना तेल लागत गेलं, तशी त्या हिश्श्याची किंमत चढत गेली. २००९ च्या शेवटी हेरिटेजने तो इटलीच्या एनी या तेलकंपनीला विकायचं ठरवलं. पण सामायिक जमिनीत असतं तसंच इथेही होतं. बाहेरच्याला विकण्याआधी सहहिस्सेदाराला विचारायचं. टुलोने आपला हक्क बजावला आणि तो हिस्सा स्वतः घेतला. किंमत १४५ कोटी डॉलर.

यात नेमकं विकलं काय गेलं, हे समजून घ्यायला मलाही वेळ लागला. जमीन विकली नव्हती, ती हेरिटेजची नव्हतीच. तेल विकलं नव्हतं, ते जमिनीखालीच होतं. सरकारशी केलेल्या करारातला एक हिस्सा विकला होता: अमुक क्षेत्रात शोध घ्यायचा, सापडलं तर काढायचं आणि ठरल्या प्रमाणात वाटून घ्यायचं, असा हक्क. धंद्यात याला ब्लॉकमधला 'इंटरेस्ट' म्हणतात आणि तो देण्या-घेण्याला फार्म-आउट, फार्म-इन. लहान कंपनीने जोखीम घेऊन शोधायचं आणि सापडलं की मोठ्या कंपनीला विकून पुढच्या देशात जायचं, असा हा जगभरचा रिवाज आहे. म्हणजे विकणारा जाण्यासाठीच आलेला असतो.

युगांडाच्या महसूल खात्याने त्यातल्या १३५ कोटींवर ३० टक्क्यांनी साधारण ४०.५ कोटी डॉलरची मागणी केली आणि उरलेल्या १० कोटींवर आणखी ३ कोटींची. हेरिटेजचं म्हणणं, कर लागतच नाही.

आणि मी डब्याच्या टेबलावर हेरिटेजची बाजू घेतली! आज लाज वाटते, पण तेव्हा मला सगळं फार स्वच्छ दिसत होतं. विकणारी कंपनी युगांडाची नाही, सौदा लंडनच्या वकिलांनी लिहिलेला, पैसे बाहेरच्या बाहेर फिरणार. मग नफा युगांडात झाला कसा? आमच्या अभ्यासक्रमात 'सायटस' नावाचा शब्द होता, म्हणजे करासाठी मालमत्ता कुठली धरायची ते ठिकाण, तोही मी फेकला. समोर आमची ऑडिट सीनियर बसली होती. तिचं माहेर त्या सरोवराकडचं. तिने मासा सोलता सोलता विचारलं, "सरोवर कुठे आहे?"

मग जेवण झाल्यावर तिने त्यांच्या आयकर कायद्यातलं कलम ७९ काढून दाखवलं. युगांडातल्या स्थावर मालमत्तेतला कुठलाही हितसंबंध विकून झालेला नफा म्हणजे युगांडात उगवलेलं उत्पन्न. इतकंच नाही, तर जिची मालमत्ता मुख्यतः अशा स्थावराची आहे त्या कंपनीचा शेअर विकला तरी तेच. हे कलम तेल लागण्याच्या कितीतरी आधीपासून तिथे होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

खरी मजा मात्र वसुलीत होती. कायदा बरोबर असणं वेगळं आणि पैसे हातात येणं वेगळं. युगांडात वाद घालायचा तर वादातल्या कराचे ३० टक्के आधी भरावे लागतात, त्याप्रमाणे १२.१५ कोटी भरले गेले. राहिलेले २८ कोटींवर डॉलर लंडनच्या एका बँकेत तिऱ्हाइताच्या खात्यात अडकवून ठेवले. हेरिटेज बाकीचे पैसे घेऊन गेली. तिचं युगांडात काहीच उरलं नाही. ना ऑफिस, ना ट्रक, ना एखादी खुर्ची.

टुलोचं मात्र सगळं तिथेच होतं. तिला परवान्यांची मुदत वाढवून हवी होती, आणि घेतलेल्या हिश्श्यातला मोठा भाग फ्रान्सची टोटाल आणि चीनची सीनूक यांना विकायचा होता. त्यासाठी सरकारची संमती लागते. महसूल खात्याने टुलोलाच नोटीस काढली: विकणाऱ्याचा पैसा तुमच्या हातून जातोय, त्याचा कर तुम्ही भरा. संमतीची फाईल टेबलावर पडून राहिली. शेवटी एप्रिल २०११ मध्ये टुलोने हेरिटेजच्या नावाने ३१.३ कोटी डॉलर भरले.

माझा बाराशेचा नियम तो हाच. फक्त शून्यं वाढली होती. मी काकांना म्हटलं, आपला क्लायंट आणि टुलो एकाच होडीत. ते म्हणाले, टुलोला वकील परवडतात.

परवडलेच. टुलोने लंडनच्या न्यायालयात हेरिटेजवर दावा लावला. चोर सोडून संन्याशाला फाशी, असाच त्यांचा सूर होता. जून २०१३ मध्ये निकाल टुलोच्या बाजूने लागला, पुढच्या वर्षी अपिलातही तो टिकला, आणि हेरिटेजला ते ३१.३ कोटी टुलोला द्यावे लागले. तोवर, नोव्हेंबर २०११ मध्ये, युगांडाच्या कर न्यायाधिकरणानेही हेरिटेजला कर लागतो असा निकाल दिला होता. २०१६ मध्ये पनामा पेपर्स फुटले तेव्हा कळलं की सौदा पुरा होण्याआधी हेरिटेजने तो हिस्सा विकणारी आपली कंपनी बहामाहून मॉरिशसला हलवली होती, करातून वाट काढायला. मॉरिशस! वाचून मी एकटीच हसले. भारतात कराचं काम केलेल्या कुणालाही त्या बेटाचं नाव पुरतं. तिथून आलेल्या कंपनीने इथले शेअर विकले तर नफ्यावर भारतात कर लागत नसे. आपण १९८३ पासूनचा तो करार बदलायला २०१६ पर्यंत वेळ घेतला.

एक शेपूट राहिलं. जानेवारी २०१७ मध्ये बाहेर आलं की हेरिटेजशी झालेला हा कराचा वाद जिंकून दिल्याबद्दल युगांडाच्या ४२ सरकारी अधिकाऱ्यांना मिळून ६०० कोटी युगांडन शिलिंग बक्षीस वाटले गेले होते, राष्ट्राध्यक्षांच्या मंजुरीने. 'प्रेसिडेन्शियल हँडशेक' असं त्याचं नाव पडलं. संसदेत चौकशी झाली, वर्तमानपत्रांत नावांच्या याद्या आल्या. मला त्यात एक खटकतं आणि एक पटतं. पगारी नोकराने आपलं काम केल्याबद्दल कराच्या पैशातून बक्षीस घेऊ नये, हे उघड आहे. पण समोर लंडनचे वकील असताना ही माणसं टिकून राहिली, हेही खरं.

पुढची लढाई टुलोशीच झाली. तिने २०१२ मध्ये दोन-तृतीयांश हिस्सा टोटाल आणि सीनूकला २९० कोटी डॉलरला विकला. ४७.३ कोटींची मागणी आली. टुलोचं उत्तर भारी होतं. ब्लॉक २ च्या करारात एक वाक्य होतं, हस्तांतराला कर लागणार नाही असं, आणि खाली मंत्र्यांची सही. २०१४ मध्ये न्यायाधिकरण म्हणालं, करमाफी द्यायचा अधिकार संसदेचा, मंत्र्यांचा नाही. ते वाक्य चालणार नाही. कर ४०.७ कोटींवर आला आणि अखेर २०१५ मध्ये २५ कोटींवर तडजोड झाली. १४.२ कोटी आधीच भरलेले होते, उरलेले ३.६ कोटींच्या तीन हप्त्यांत.

या ठिकाणी मी टुलोच्या बाजूने दोन शब्द बोलणार आहे. सरकारने दिलेल्या कागदावर विसंबून एखाद्याने अब्जावधी घातले आणि मग सरकारच म्हणालं की आमच्या त्या माणसाला सही करायचा अधिकारच नव्हता, तर पुढच्या वेळी तो कागद कोण मानेल? कायदा बरोबर होता. पण चूक कुणाची आणि भुर्दंड कुणाला, हा प्रश्न उरतोच. बाराशे डॉलरच्या बाजूने मी तो जवळून पाहिला आहे.

तेलवाल्यांचे आणखी दोन मुद्दे आहेत आणि ते रडगाणं म्हणून सोडून देता येत नाहीत. पहिला असा, की पुष्कळ फार्म-आउटमध्ये रोख पैसा हलतच नाही. "तुझा अर्धा हिस्सा मला दे, बदल्यात तुझ्या वाटणीची विहीर मी माझ्या खर्चाने खणतो" असा सौदा असतो. अजून काही सापडलेलं नसतं. विहीर कोरडी निघू शकते, बऱ्याचदा निघतेच. अशा वेळी विहिरीचा खर्च ही 'किंमत' धरून कर मागितला, तर देणाऱ्याकडे द्यायला पैसा नसतो आणि विहीर खणलीच जात नाही. माझ्या मते शोध लागण्याआधीचा असा सौदा वेगळा धरायला हवा.

दुसरा मुद्दा हिशेबाचा आहे आणि राजकीय भाषणांत तो कधी येत नाही. समजा एकाने ब्लॉकवर १० कोटी खर्च केले आणि तो ११० कोटींना विकला. नफा १००, त्यावर ३० कोटी कर. आता घेणाऱ्याने ११० कोटी मोजले आहेत. पुढे तेल निघालं की तो हे ११० आपल्या उत्पन्नातून खर्च म्हणून वजा करणार. पहिला मात्र १० च वजा करू शकला असता. म्हणजे सरकारने आज घेतलेले ३० उद्या घेणाऱ्याच्या करातून साधारण तेवढेच कमी होतात. मग सरकारला मिळालं काय? वेळ. तेल निघण्याच्या दहा-बारा वर्षं आधी पैसा. युगांडासारख्या देशात ते थोडं नाही: तिथे तेल काढण्याच्या गुंतवणुकीवर शेवटची सही व्हायला फेब्रुवारी २०२२ उजाडला. आणि हिस्सा थेट न विकता वरच्या वर कंपनीचे शेअर विकले, तर खालचा खर्च १० च राहतो, घेणाऱ्याला जास्तीची वजावट मिळत नाही. तिथे विक्रीवरही कर आणि पुढच्या पूर्ण नफ्यावरही कर, असा दुहेरी मार बसतो. याबद्दल कंपन्या कुरकुरतात ती उगीच नाही.

पण वरच्या वर विकण्याची पळवाट इतकी सोपी आहे की ती उघडी ठेवून चालतच नाही. ब्लॉक एका कंपनीचा, ती दुसरीच्या मालकीची, ती तिसरीच्या. तिसरी विकली की खाली काहीच बदलत नाही, करारावर नाव तेच. पेरूमध्ये २००९ साली असंच झालं. तिथल्या समुद्रात तेल काढणाऱ्या पेट्रोटेकची वरची कंपनी परदेशात विकली गेली, जवळपास ९० कोटी डॉलरला, आणि पेरूला कर लावता आला नाही. त्यांनी २०११ मध्ये कायदा बदलला, पण पुढच्या सौद्यांसाठी.

मोझांबिकने तर संमतीचाच दरवाजा अडवला. रोवुमा खोऱ्यातल्या एरिया १ या गॅसच्या ब्लॉकमध्ये कोव्ह एनर्जी या छोट्या लंडनच्या कंपनीचा ८.५ टक्के हिस्सा होता. २०१२ मध्ये थायलंडच्या पीटीटीईपीने ती अख्खी कंपनीच घेतली. मोझांबिकने १२.८ टक्के कर मागितला आणि मगच मान डोलावली. पुढच्या वर्षी एनीने एरिया ४ मधला २० टक्के हिस्सा चिनी कंपनीला ४२० कोटींना दिला तेव्हा ४० कोटी घेतले. २०१९ मध्ये टोटालने अॅनाडार्कोचा हिस्सा घेतला तेव्हा ८८ कोटी. त्याच एरिया १ मध्ये आपल्या ओएनजीसी विदेशनेही हिस्सा विकत घेतला आहे, २०१३ मध्ये. म्हणजे या खेळात आपण कधी या बाजूला असतो, कधी त्या.

आपल्या बाजूची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, तरी युगांडाशेजारी ठेवून पाहा. २००६ मध्ये ब्रिटनच्या केर्न एनर्जीने राजस्थानातल्या तेलाची मालकी असलेल्या परदेशी कंपन्यांची आपल्याच समूहात मांडामांड केली आणि २००७ च्या जानेवारीत केर्न इंडिया शेअर बाजारात आली. तेव्हा कुणी काही बोललं नाही. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्होडाफोनच्या खटल्यात सांगितलं, असा वरचा सौदा आपल्या कायद्यात बसत नाही. त्याच वर्षी सरकारने आयकर कायद्याच्या कलम ९ ला, असे सौदे करात बसतात, असं स्पष्टीकरण जोडलं आणि ते लागू केलं १ एप्रिल १९६२ पासून. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. आणि हे घोडं पन्नास वर्षं मागे धावलं. केर्नला २०१४ मध्ये नोटीस, मग १०,२४७ कोटी रुपयांची मागणी, वर व्याज. केर्न इंडियातले तिचे उरलेले शेअर खात्याने जप्त करून विकले. डिसेंबर २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने भारताला १२० कोटी डॉलर व्याजासह परत द्यायला सांगितलं. जुलै २०२१ मध्ये पॅरिसमधल्या भारत सरकारच्या वीसेक मालमत्तांवर टाच आणायचा हुकूम निघाला आणि ऑगस्टमध्ये संसदेने ती मागची वसुली रद्द केली. सुमारे ७,९०० कोटी रुपये परत गेले.

बऱ्याच लोकांना वाटतं, आपण तो करच सोडून दिला. तसं नाही. २८ मे २०१२ नंतरच्या अशा सौद्यांना तो लागतोच. रद्द झाला तो फक्त मागचा भाग. युगांडाकडे कलम आधीपासून छापलेलं होतं, म्हणून लंडनला त्यांच्या माणसांना ताठ उभं राहता आलं. आपल्याकडे ते नव्हतं, म्हणून पॅरिसमधले फ्लॅट धोक्यात आले. युगांडाचं नाव घेतलं की नाक मुरडणाऱ्या काही दोस्तांना मी हे मुद्दाम सांगते.

२०१२ च्या शेवटी मी कंपाला सोडलं. सीनियर आता स्वतःची फर्म चालवते. काका ऐंशीच्या पुढे आहेत आणि व्हॉट्सअॅपवर रोज सकाळी देवाचे फोटो पाठवतात. नोव्हेंबर २०२० मध्ये एका सकाळी फोटोऐवजी बातमी आली. टुलोने युगांडातला उरलासुरला सगळा हिस्सा टोटालला ५७.५ कोटी डॉलरला दिला आणि देश सोडला. सरकारशी ठरलेला कर: १.४६ कोटी डॉलर.

मी तोंडी हिशेब केला. अडीच टक्के. होइमाचा आमचा अंडीवाला पुरवठादार, त्याच्या प्रत्येक बिलातून कॅम्पवाले सहा टक्के कापून घ्यायचे. मग मी काकांना लांबलचक उत्तर लिहिलं, की असं ताडून पाहणं बरोबर नाही, सहा टक्के हा आगाऊ कर आहे, वर्षअखेरीस वळता होतो. आणि टुलोचा कर किमतीवर नाही, नफ्यावर आहे, घातलेला खर्च वजा जाता नफा किती उरला ते पाहायला हवं.

त्यांनी दोन निळ्या टिका दाखवल्या. तासाभराने एकच ओळ आली: "आणि आपले बाराशे?"